ट्रॅक डेनंतर रंगावर चिकटलेलं टायरचं रबर कसं काढायचं?

पोलो_सातारा:
नमस्कार मंडळी. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे (रेसट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस) करून गाडी साताऱ्याला आणली आहे. पांढरी पोलो. पुढचा बंपर, दारांच्या खालच्या कडा आणि चाकांच्या मागचा भाग काळ्या ठिपक्यांनी भरलाय. शिवाय मागच्या उजव्या बाजूला दुसऱ्या गाडीचं टायर घासल्यासारखा वीतभर काळा पट्टा आहे. शाम्पूने काहीच हलत नाही. कुणी पेट्रोल सांगतंय, कुणी थिनर, कुणी थेट रबिंग कंपाउंड (रंग घासणारं जाड पॉलिश). रंग कंपनीचा आहे, फक्त पुढचा बंपर मागे एकदा बाहेर रंगवून घेतलाय. नेमकं काय वापरू?

मिरजकर_डिटेलिंग:
थिनर अजिबात नको. पेट्रोलही नको, ते डाग मऊ व्हायच्या आत उडून जातं आणि आगीचा धोका वेगळाच.

आधी डाग कशाचे ते ओळखा. हजारावर किलोमीटर हायवेने आलात, म्हणजे त्यात डांबरही असणार. फडक्यावर थोडं मिनरल टर्पेंटाइन घेऊन एका ठिपक्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. तपकिरी रंग पाझरला तर डांबर. रबर तसं विरघळत नाही, ते फुगतं, मऊ होतं आणि बोटाखाली वळी होऊन सुटतं. म्हणूनच रबराला घासण्यापेक्षा वेळ द्यावा लागतो.

गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. पहिल्यांदा नीट धुवा, चाकांच्या कमानीतली माती प्रेशरने काढा, नाहीतर तीच माती फडक्याखाली ओरखडे पाडते. बाजूच्या काळ्या प्लास्टिकला आणि रबर बीडिंगला मास्किंग टेप लावा, टर्पेंटाइनने त्यावर पांढरट डाग पडतात. मग वीतभर जागा घेऊन टर्पेंटाइनने ओलं केलेलं फडकं डागांवर २-३ मिनिटं चिकटवून ठेवा आणि एकाच दिशेने हलक्या हाताने पुसा. प्रत्येक पुसण्याला फडक्याची नवी घडी. तीच घडी फिरवत राहिलात तर सुटलेलं रबर पांढऱ्या रंगावर करड्या फराट्यासारखं पसरतं. अख्ख्या गाडीला २०० मिली पुरतं. तयार टार रिमूव्हर मिळाला तर उत्तम, पद्धत तीच.

काम झालं की लगेच शाम्पूने धुवा, तेलकट थर राहू देऊ नका. तरी हाताला खरखर लागली तर क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी), तोही लिटरभर पाण्यात झाकणभर शाम्पू घालून भरपूर ओलं ठेवून. क्ले खाली पडला तर तो तुकडा फेकून द्या. धुवून परत वापरायचा मोह होतो, पण त्यात रुतलेला एक खडा पुरेसा असतो.

रंगकाम_सांगली:
वरचं सगळं बरोबर, पण रंगवलेल्या बंपरला हे सरळ लावू नका. बंपरच्या आतल्या कडेला, जिथे दिसत नाही तिथे, टर्पेंटाइनचं फडकं घासून बघा. फडक्यावर रंग आला किंवा जागा चिकट झाली तर रंग कच्चा आहे किंवा हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) न घातलेला आहे. तिथे टर्पेंटाइन विसरा, नुसता क्ले आणि वेळ. टू-के (हार्डनर मिसळून मारलेला) रंग आणि लॅकर (वरचा पारदर्शक थर) असेल आणि मारून महिना उलटला असेल तर अडचण नाही.

रॉकेलने डाग निघतो, पण तेलकट थर इतका राहतो की त्यावर आपल्याकडची धूळ लगेच बसते. मॅजिक स्पंज म्हणून मिळतो तो मुळात बारीक पॉलिश पेपरच समजा.

पोलो_सातारा:
धन्यवाद. पट्ट्यावर नख फिरवून बघितलं, अडकत नाही, म्हणजे खोल ओरखडा नाही. मग तिथे कंपाउंड चालेल ना?

मिरजकर_डिटेलिंग:
आधी टर्पेंटाइनच. रबर असताना मशीन लावलं की ते पॅडमध्ये भरतं आणि पॅड तेच गाडीभर फिरवतं. रबर गेल्यावर फिकट सावली उरली तर फोमच्या मऊ पॅडवर वाटाण्याएवढे ३-४ ठिपके फिनिशिंग पॉलिशचे, डीए मशीन (गोल फिरता फिरता हलणारं पॉलिशिंग मशीन), कमी दाब. जाड कंपाउंड लागतच नाही. कडांवर आणि दाराच्या घडीवर मशीन थांबवू नका, तिथे लॅकर सगळ्यात पातळ असतं. शेवटी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा आणि वॅक्स लावा, कारण टर्पेंटाइनने जुनं वॅक्स गेलेलं असतं.

कृष्णाकाठ_१४:
बोअरच्या पाण्याने धुणार असाल तर उन्हात वाळू देऊ नका. रबर गेलं आणि क्षाराचे डाग आले असं होतं. पॅनेल धुतलं की लगेच टॉवेलने टिपा.

रंगकाम_सांगली:
पुढच्या वेळी जायच्या आधी बंपरला आणि चाकांच्या मागे पेंटरची निळी टेप लावा. साधी तपकिरी पॅकिंग टेप नको, तिचा डिंक उन्हात भाजला की रबरापेक्षा चिवट. आणि निळी असली तरी शेवटचं सेशन संपल्यावर तिथेच काढा, टेपसकट हायवेला लागू नका.