शब्दचर्चा : बेसची भणभण आणि तंबोऱ्याची जवारी

पणजीहून :
बेस गिटारची निगा आणि जुळवणी यांवर मराठीत एक सूचनापत्रक लिहायला घेतलंय, गावोगावच्या वाद्यवृंदांतल्या मुलांच्या हातात देता येईल असं. पहिलीच अडचण ‘फ्रेट बझ’ची. तार फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला, लागून जो भण्ण आवाज येतो, त्याला ‘जवारी’ म्हणावं असं दोघातिघांनी सुचवलं. आपल्याकडे शब्द तयार असताना इंग्रजी कशाला, हा त्यामागचा विचार. पण तो इथे बसतो का? आणि ‘अ‍ॅक्शन’ला, म्हणजे फ्रेटपासून तारेच्या उंचीला, काय म्हणाल? शब्द डबल बेसलाही, म्हणजे उभ्याने वाजवायच्या थोरल्या बेसलाही, चालले तर बरं.

फोंड्याहून :
जवारी म्हणू नका. आवाजाची जात जवळची आहे हे खरं. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या ठोकळ्याचा, माथा रुंद आणि किंचित बाकदार असतो. छेडलेली तार त्या बाकाला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि त्यातून वरचे स्वरांश फुलतात. तारेखाली सुताचा दोरा पुढेमागे सरकवून ती जागा नेमकी पकडायची. म्हणजे जवारी हवीशी असते, ती मुद्दाम साधायची असते. मिरजेचे कारागीर त्यासाठीच घोडी घासत बसतात. बेसवरचा बझ मात्र घालवायचा असतो.

आणि यात एक खड्डा आहे. आपण ‘जवारी काढणे’ म्हणतो ते जवारी आणणे या अर्थाने. पण ‘काढणे’ म्हणजे काढून टाकणेही होतं. ‘जवारी काढून द्या’ हे वाक्य तंबोऱ्याच्या कारागिराला एक सांगेल आणि गिटार दुरुस्त करणाऱ्याला बरोबर उलट. सूचनापत्रकात असा दुहेरी शब्द नको. सरळ ‘भणभण’ लिहा.

डिचोलीहून :
भणभण हा शब्द चांगला, पण एकटा पुरणार नाही. ती कुठे होते हे शब्दात आलंच पाहिजे, कारण इलाज जागेवर ठरतो. मी चार प्रकार करीन.

मोकळ्या तारेची भणभण : तार मोकळी छेडली तर वाजते, पहिल्या फ्रेटवर दाबली की गायब. दोष नटच्या, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत, ती खोल गेलेली आहे. तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर टिचकी मारा. कागद जाईल एवढी फट हवी. फट नसेल तर खाच हाडाच्या भुकटीने आणि सुपरग्लूने भरून पुन्हा कोरतात. हा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय नवा नट.

पहिल्या चार-पाच फ्रेटवरची भणभण : वर, म्हणजे वाद्याच्या अंगाकडे, आवाज स्वच्छ. इथे दांडी जास्तच सरळ झालेली असते किंवा उलटी वाकलेली असते. दांडीच्या आत ट्रस रॉड नावाची सळई असते, ती सैल करायची.

बाराव्या फ्रेटच्या पुढची भणभण : बहुतेक वेळा घोडीवरचे तारेचे ठोकळे, ज्यांना सॅडल म्हणतात, ते खाली बसलेले असतात.

आणि एकाच जागची भणभण : पाचव्यावर वाजते, चौथ्या-सहाव्यावर नाही. मग सहावा फ्रेट उंच आहे. लहान सरळ पट्टी पाचव्या, सहाव्या आणि सातव्यावर ठेवा, ती झुलली की सापडला. फ्रेट खाचेतून सुटून वर आलाय का ते आधी बघा. तसं असेल तर तो बसवायचा, कानस लावायची नाही. ही चूक फार जण करतात.

पाचवं कारण हातात असतं. बोटं फार जोरात मारली तर उत्तम जुळवलेला बेसही भणभणतो. अँप (अॅम्प्लिफायर) वाढवा, हात हलका करा. आणि जी भणभण नुसत्या कानाला ऐकू येते पण अँपमधून येत नाही, तिच्यामागे लागू नका.

पणजीहून :
हे फारच उपयोगी, डिचोलीच्या ताई. सळई किती फिरवायची आणि फट किती ठेवायची, आकडे देता येतील?

डिचोलीहून :
आधी तारा नेहमीच्या सुराला लावून घ्या. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, बसवा, दांडी अंगाला मिळते तिथला फ्रेट एका हाताने दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखालची फट मोजा. ०.३ ते ०.४ मिमी ठीक. सळई एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही. घड्याळाच्या दिशेने फिरवली की दांडी सरळ होते, उलट फिरवली की पुढे बाक येतो. प्रत्येक पाव वळशानंतर सूर पुन्हा लावा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच पुढचं. सगळ्या तारांचा मिळून ओढा ७०-८० किलोच्या घरात असतो. लाकूड त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळ घेतं. सळई अडली तर जोर लावू नका. ती तुटली तर दांडी उघडावी लागते.

हे झाल्यावरच उंची. सतराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली साधारण २.४ मिमी, बारीक तारेखाली २ मिमी. क्रम उलटा केला, म्हणजे आधी सॅडल आणि मग सळई, तर सॅडलचं काम दोनदा करावं लागतं.

‘अ‍ॅक्शन’ला मी ‘तारेची उंची’च म्हणेन. नवा शब्द घडवायची गरज नाही. ‘अ‍ॅक्शन कमी कर’ पेक्षा ‘तार खाली घे’ हे कोणालाही कळतं.

मडगावहून :
खाली घे? थांबा. सूचनापत्रकात सगळ्यात जास्त घोळ ‘वर’ आणि ‘खाली’ यांनीच होणार आहे.

मराठीत वरचा सूर म्हणजे चढा सूर. बेस अंगावर घेतला की सगळ्यात जाड तार छताकडे असते आणि तीच सूराने सगळ्यात खालची. ‘वरची तार मिळव’ म्हटलं की अर्धी मुलं जाड तार पिळतात, अर्धी बारीक. दांडीवर ‘वर जा’ म्हणजे अंगाकडे की खुंट्यांकडे? सूराने वर म्हणजे अंगाकडे, पण बसून वाजवताना खुंट्यांचं टोक उंच दिसतं. त्यात ‘तार सप्तक’ आणि वाद्याची तार एकाच वाक्यात आली की संपलंच. डिचोलीच्या ताईंनी वर ‘म्हणजे अंगाकडे’ असं जोडलं ते म्हणूनच बरं केलं.

माझा नियम असा की तारेला जाडी-बारीक म्हणायचं, जागेला खुंट्यांकडे-घोडीकडे, सूराला चढा-उतरा आणि ‘उंची’ फक्त फटीची. ‘वरचा-खालचा’ पत्रकातून पूर्ण काढा.

तारांना नावं द्यायची तर इंग्रजी अक्षरंच ठेवा : ई, ए, डी, जी. वारंवारता ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या आसपास. पण समज यायला सरगम फार कामाची. जाड ई ला षड्ज धरला तर ए हा शुद्ध मध्यम, डी कोमल निषाद आणि जी वरच्या सप्तकातला कोमल गंधार. प्रत्येक तार आधीच्या तारेचा मध्यम. व्हायोलिन सा-प अंतराने मिळवतात, डबल बेस सा-म अंतराने, कारण डबल बेसच्या बोटं ठेवायच्या लांब पट्टीवर खुंट्यांच्या बाजूला हात पूर्ण उघडला तरी पहिल्या आणि चौथ्या बोटात जेमतेम एक पूर्ण स्वर बसतो. पंचमाचं अंतर ठेवलं असतं तर हात सतत पळत राहिला असता.

म्हापशाहून :
एक अपवाद नोंदवतो. फ्रेटलेस बेसला, ज्याच्या पट्टीवर फ्रेटच नसतात, ‘जवारी’ हा शब्द अगदी नेमका बसतो. तिथे तार रुंद लाकडी पट्टीला अतिशय कमी कोनात चाटत जाते आणि सूर उमलल्यासारखा ‘म्वाँ’ येतो. यंत्रणा तंबोऱ्याच्या घोडीचीच आणि तो आवाज हवासाच असतो. अमेरिकी बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या बेसच्या पट्टीवर इपॉक्सीचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या रसायनाचा, लेप दिला होता. कठीण पृष्ठभागाने हा आवाज खुलतो, आणि वेढ्यांच्या खडबडीत तारांनी पट्टी झिजतही नाही. तेव्हा जवारी शब्द टाकू नका, त्याची जागा बदला.

‘पडदा’ शब्दाचंही पाहा. सतारीमुळे फ्रेटला पडदा म्हणणं आपल्याला सहज जमतं, मलाही तो आवडतो. पण ‘तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवा’ ही सूचना चूक आहे. पडद्यावरच बोट आलं तर सूर दबतो. बोट पडद्याला चिकटून पण खुंट्यांच्या बाजूला हवं. फार मागे राहिलं तर जोर जास्त लागतो आणि पुन्हा भणभण. फ्रेटलेसवर मात्र फ्रेटच्या जागी रेघा आखलेल्या असतील तर बोट बरोबर रेघेवरच, मागे राहिलात की सूर उतरला. एकच वाक्य दोन्ही वाद्यांना चालणार नाही, दोन लिहा. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने १९५१ मध्ये आणलेल्या बेसचं नाव ‘प्रिसिजन’ ठेवलं ते याच कारणाने की फ्रेटमुळे सूर नेमका लागतो.

पणजीहून :
‘तिसऱ्या पडद्याला टेकून, खुंट्यांच्या बाजूला’ असं लिहितो. डबल बेसबद्दल कोणी सांगाल? ‘थ्री-क्वार्टर साइझ’चं ‘पाऊण आकार’ असं भाषांतर केलंय, ते विचित्र वाटतं.

मडगावहून :
पाऊणच लिहा, पण खुलासा हवा. मराठीत पाऊण म्हटलं की मुलांच्या मापाचं वाद्य डोळ्यांसमोर येतं. डबल बेसमध्ये पाऊण हाच मोठ्या माणसाचा नेहमीचा आकार, नट ते घोडी साधारण १०५ सेंमी. बेस गिटारची तीच लांबी ८६ सेंमी. पूर्ण आकाराचे बेस क्वचित दिसतात. खुलासा नसेल तर कोणीतरी ‘पूर्ण’ मागवेल आणि हात पुरणार नाही.

नावाचं सांगायचं तर पोर्तुगीजमध्ये व्हायोलिनच्या कुळातलं वाद्य म्हणजे रबेक, आणि थोरला रबेक तो रबेकांव, म्हणजेच डबल बेस. गोव्यात जुन्या वादकांच्या तोंडी हा शब्द असतो, तो पत्रकात एकदा तरी यावा. ‘डबल’चा अर्थ दुप्पट मोठा असा नाही. चेलोची, म्हणजे याच कुळातल्या धाकट्या वाद्याची, ओळ एक सप्तक खाली दुहेरी वाजवायची म्हणून डबल. लिहिलेल्या स्वरापेक्षा हे वाद्य अजूनही एक सप्तक खालीच वाजतं.

आता भागांचे शब्द. घोडी, खुंट्या, गज हे आपले शब्द जसेच्या तसे चालतात. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी असते, हे ठळक छापा. आतल्या उभ्या दांडूला इंग्रजीत साउंडपोस्ट म्हणतात, फ्रेंच आणि इटालियनमध्ये त्याच्या नावाचा अर्थ चक्क ‘आत्मा’ होतो. मराठीत ‘जीव’ म्हणायला हरकत नाही. तो घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित मागे असतो आणि तोही दाबावरच उभा. सगळ्या तारा एकदम उतरवल्या तर घोडी आडवी होते आणि जीव आत पडतो. तारा एकेक करूनच बदला.

तार कसताना घोडीचा माथा हळूहळू खुंट्यांकडे ओढला जातो. सूर लावून झाल्यावर बाजूने पाहा, घोडीची मागची बाजू पाटाशी, म्हणजे वाद्याच्या पुढच्या फळीशी, काटकोनात हवी. झुकली असेल तर तारा थोड्या ढिल्या करून दोन्ही हातांनी माथा मागे आणा. खाचांत मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं तर तारा सरकतात आणि घोडी ओढली जात नाही.

फोंड्याहून :
आणि पावसाळा. गोव्यात यावर अर्धं पान द्यायला हवं. जून ते सप्टेंबर लाकूड ओलावा पितं, डबल बेसचा पाट फुगतो, त्याबरोबर घोडी उचलली जाते आणि तारा पट्टीपासून दूर जातात. घोडीच्या पायांत फिरकीची चाकं असतील तर दोन्ही सारखी फिरवून तारा खाली घ्या. पट्टीच्या टोकाशी बोटाने वाजवणाऱ्याला बारीक तारेखाली ५-६ मिमी आणि जाड तारेखाली ८-९ मिमी पुरे. गजाने वाजवणाऱ्याला दोन-तीन मिमी जास्त लागतात. कोरडी हवा आली की हेच उलट. बेस गिटारची दांडी पावसात कुठल्या बाजूला वाकेल ते त्या त्या लाकडावर असतं, म्हणून अंदाजाने सळई फिरवू नका, फट मोजा. समुद्राजवळ पोलादी तारा गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तार खालूनही पुसायची.

पत्रकात ‘सांधे’ लिहाल तिथे ‘सरस’ हा शब्द जरूर वापरा. डबल बेसचे पाट कडांना सरसानेच चिकटवतात. सरस मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, लाकूड आवळलं की सांधा सुटावा, पाट चिरू नये. सांधा सुटला म्हणून कोणी फेविकॉल भरू नका. पुढच्या वेळी सांध्याऐवजी पाटच फाटतो, शिवाय सरस पुन्हा धरत नाही. बोटाच्या पेराने कडेकडेने ठोकत जा, जिथे आवाज बद्द किंवा खरखरीत येतो तिथे सांधा सुटलाय. सुटलेला सांधाही भणभणतो. तारा उंच करून उपयोग होत नसेल तर आधी हे तपासा.

डिचोलीहून :
‘राळ’ राहिली. गजाला लावायची ती राळच, ‘रोझिन’ कशाला. पण बेसची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ असते हे सांगा, नाहीतर मुलं व्हायोलिनची कडक राळ लावतील आणि जाड तार गजाला धरणार नाही. लावताना पुढेमागे घासायची नाही, मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने, तीन-चार ओढी पुरे. मे महिन्यात गाडीत ठेवली तर वितळून कापडात मुरते. डबी आडवी न ठेवता उभी ठेवा. आणि वाजवून झाल्यावर तारांवरची पांढरी भुकटी त्याच दिवशी पुसा, पावसाळी हवेत ती चिकट होऊन बसते.

पणजीहून :
भणभण जागेसह, जवारी फक्त फ्रेटलेससाठी, वर-खाली बाद. मसुद्यात ‘तार हळूहळू सुरात उतरवा’ असं वाक्य आहे, ते चालेल?

मडगावहून :
नाही, ते बदला. चढलेली तार उतरवत सुरावर आणली तर खुंटीच्या दात्यांत ढील राहते आणि दोन गाण्यांत सूर पडतो. आधी सुराच्या खाली जा, मग चढवत आणून थांबा. ‘सुराखालून चढवत आणा’ असं लिहा.