मदत हवी आहे: अपघातात जबड्याचा सांधा बाहेरच्या बाजूला निखळलाय

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ बाइकवरून हनुवटीवर पडला. टाके घालून घरी पाठवलं, पण तोंड धड मिटेना. चावताना पुढचे दात जुळतच नाहीत आणि डाव्या कानापुढे गालाच्या हाडावर टणक उंचवटा लागतो. साध्या एक्स-रेत फक्त हनुवटीचं फ्रॅक्चर दिसलं. दुसऱ्या डॉक्टरांनी थ्रीडी सीटी करायला लावला, तेव्हा कळलं की सांध्याचं टोक खोबणीतून निघून बाहेर आणि वर, गालाच्या हाडाच्या कमानीवर जाऊन बसलंय.

जांभई देताना जबडा पुढे सरकतो तो प्रकार नेहमीचा. हा फार क्वचित दिसतो म्हणे. आधी पूर्ण भूल देऊन हातानेच बसवून बघणार, नाही जमलं तर कानापुढे चीर देऊन. फ्रॅक्चरला प्लेट लागेलच. उशीर झाला की हाताने बसणं अवघड होतं, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

इथल्या मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याच्या) सर्जननी किंवा यातून गेलेल्यांनी कृपया सांगा: नंतर दात तारेने किती दिवस बांधून ठेवतात? तोंड उघडण्याचे व्यायाम कधी सुरू करायचे? सांधा कायमचा आखडू नये म्हणून काय जपायचं? पुण्यात असा पेशंट हाताळलेलं कुणी माहीत असेल तर तेही कळवा.