फिट, आकडी, झटका, गुंगी: लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात कोणता शब्द वापरावा?

विचारणा (जळगाव): मी बालरोग विभागात परिचारिका आहे. मेंदूच्या आजारामुळे अतिदक्षता विभागात असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक माहितीपत्रक लिहिते आहे. मसुद्यात ‘चेतासंस्था’ (मेंदू आणि नसा), ‘अपस्मार’ (मिरगी), ‘आक्षेप’ (फिट) असे शब्द आहेत. रावेर-चोपड्याकडची माणसं ते वाचून गप्प बसतात. कोणते शब्द ठेवू?

धुळे: ‘चेतासंस्था’ शाळेच्या पुस्तकात असते, पण दवाखान्याच्या पाटीवर ‘मेंदूविकार’ लिहितात, तेच ठेवा. ‘अतिदक्षता’ आता सगळ्यांना कळतं. ‘झटका’ मात्र काढाच. हृदयविकाराचा झटका, लकव्याचा झटका, विजेचा झटका. ऐकणाऱ्याने काय समजायचं?

अमळनेर: आमच्याकडे सरळ ‘पोऱ्याले फिट उनी’ म्हणतात. ‘फिट’च ठेवा. ‘मिरगी’ नको, त्या शब्दाने मुलीचं लग्न अडतं.

धुळे: शिवाय तापात आलेली प्रत्येक फिट म्हणजे मिरगी नव्हे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना नुसत्या तापानेही फिट येते आणि बहुतेकांना पुढे काही होत नाही.

नाशिक (मूळ पारोळा, बालरोगतज्ज्ञ): ‘आकडी’बद्दल सांगतो. त्यात अंग आखडणं आलं, म्हणून हातपाय ताठ झाले की लोक धावत येतात. पण काही मुलं काही सेकंद नुसती टक लावून थांबतात. काही तान्ही बाळं झोपेतून उठल्यावर लागोपाठ पुढे वाकतात, हात पसरतात. घरचे म्हणतात ‘दचकतंय’ किंवा ‘पोट दुखतंय’. हीसुद्धा फिटच असू शकते, आणि तान्ह्या बाळात उपचार लांबले तर मेंदूची वाढ खुंटू शकते. पत्रकात हे वर्णन शब्दापेक्षा आधी द्या.

दुसरा घोळ ‘थांबली’चा. औषधाने अंग हलायचं थांबतं, पण मेंदूतली फिट आतून चालूच असू शकते. बाहेरून ती दिसत नाही. म्हणून डोक्याला तारा लावून ईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा, आलेख तासन् तास बघतात. आईवडिलांना वाटतं, पोर शांत झोपलंय तर तारा कशाला? ‘अंगातली फिट थांबली, मेंदूतली थांबली का ते बघतोय’ असं मी सांगतो, लगेच कळतं.

चाळीसगाव: माझ्या पुतण्याच्या वेळी ‘गुंगीत ठेवलंय’ असं सांगितलं आणि घरात ‘कोमात गेला’ अशी रडारड झाली.

नाशिक: अगदी हेच होतं. गुंगी औषधाने आणलेली असते, मेंदूला विश्रांती मिळावी, व्हेंटिलेटरची नळी सहन व्हावी म्हणून. औषध कमी केलं की ती उतरते. कोमा आजाराने येतो. दोन्ही शब्द पत्रकात शेजारी शेजारी लिहा. ‘बेशुद्ध’ एकटा टाकू नका, त्यात दोन्ही अर्थ मिसळतात.

विचारणा (जळगाव): उपयोग झाला. आणखी एक वाक्य घालते: ‘फिट आली तर घड्याळ बघा, कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन.’ ‘कुशीवर’ सगळीकडे कळेल ना?

अमळनेर: कळेल. ‘एका अंगावर’ही लिहा.

शहादा: धडगाव-अक्कलकुव्याची पोरं तुमच्याकडे येत असतील, तर पावरी आणि भिली बोलणाऱ्या आयांना हे वाचून दाखवा आणि त्या काय म्हणतात ते लिहून घ्या. घरातला शब्द त्याच सांगतील.