गाडीवर सामान बांधायचं कसं? काटोल रोडवर संत्री सांडली

परवा काटोलहून मामाकडची संत्री आणत होतो. मागच्या सीटवर पोतं, त्यावर सॅक, अन् सगळ्याला मिळून एकच हुकवाली इलॅस्टिक दोरी. फेटरीजवळ स्पीडब्रेकरवर हूक निसटला. पोतं एका अंगाला कललं, शिवण उसवली, अर्धी संत्री डांबरावर. मागचा ट्रकवाला थांबला म्हणून बरं. बिचारा उतरून वेचू लागला (दोन खाल्लीपण). सॅकचा पट्टा सायलेन्सरला चिकटून वितळला, वास अजून जात नाही. तुम्ही लोक काय वापरता?

› भाऊ, पट्टा चेनमध्ये गेला नाही हे नशीब समजा. मागचं चाकच जाम झालं असतं. लोंबणारं प्रत्येक टोक आत खोचत जा. अन् इलॅस्टिक ताणतं, म्हणून तर खड्ड्यात सामान उसळते. त्याच्यावर भार कायले टाकता?

› मी रोज इतवारीतून माल नेतो. बकलवाले नायलॉनचे पट्टे घ्या, दोन, फुलीसारखे बांधा. अडकवायचे ग्रॅबरेलला (मागच्या सीटची धरायची दांडी), इंडिकेटरला नाही! जड वस्तू खाली अन् जमेल तितकी पुढे. चार-पाच किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा, पोतं दबतं अन् पट्टा ढिला पडतो. इलॅस्टिकचा हूक ताणताना तोंड बाजूला ठेवा. माझ्या चुलतभावाच्या भुवईवर तीन टाके आहेत.

› दोन पट्टे आणले. मामीचा फोन आला होता, संत्री कशी निघाली म्हणून. गोड होती म्हणालो.