जुनी गाडी, कोल्हापूरचा पाऊस आणि नुसतं 'टक्' : तुमचे अनुभव लिहा

वडिलांनी १९९७ साली घेतलेली मारुती आठशे अजून दारात आहे. तीनदा पासिंग करून घेतलंय. गेल्या श्रावणात एका सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्'. सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) फिरेना. बॅटरी गेली म्हणून नवी घातली. चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवशी परत टक्. मग सेल्फ उतरवून कार्बन ब्रश आणि बुश नवे केले. आठवडाभर शांतता, की पुन्हा तेच.

शेवटी गल्लीतले एक आजोबा मल्टिमीटर घेऊन आले. जन्मभर वायरमनकी केलेला माणूस. "बॅटरी १२.६ दाखवतीया, मग करंट मरतोय कुठं?" असं म्हणून त्यांनी मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर २.१ व्होल्ट. "हितं अर्ध्या व्होल्टच्या आत पायजे. दोन व्होल्ट वाटंतच गिळतंय." गिअरबॉक्सवरून बॉडीला येणारी अर्थिंगची (करंट बॅटरीकडं परत नेणारी) पट्टी सोडवली. बोल्टखाली हिरवट-पांढरी भुकटी आणि निम्म्या तारा तुटलेल्या. पॉलिश पेपरनं जागा चकचकीत केली, दीडशे रुपयांची नवी पट्टी बसवली, आणि सेल्फ असा फिरला की आजोबाच दचकले.

बॅटरी आणि सेल्फवर सात हजार गेले त्याचं दुःख नाही, असं बायकोला सांगितलंय.

तर लिहा. 'मेस्त्रीकडं दिली, झाली' एवढ्यावर भागवू नका. आवाज कसला होता, आधी काय चुकीचं बदललं, खरा दोष कुठं निघाला?

गगनबावडा रिटर्न

माझी कार्बोरेटरवाली मारुती ओम्नी व्हॅन. जुलैत सासुरवाडीहून परत येताना करूळ घाट चढून आलो आणि गाडी मिसिंग मारायला (झटके देत चालायला) लागली. साळवणच्या अलीकडं बंदच पडली. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे मेकॅनिक कोरडा, पण सीटवरची माणसं बाहेर. सासूबाई छत्री धरून रस्त्याकडंला आणि मी आत सीट उचलून बसलेला. हा फोटो अजून घरच्या ग्रुपवर फिरतो.

डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची) कॅप काढली, आतून दव साचल्यासारखं पाणी. कोरड्या रुमालानं पुसली, गाडी चालू. मी हुशार. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि तेच. मग कॅप उजेडात नीट बघितली, तर आतून पेन्सिलीनं मारल्यागत बारीक काळी रेघ. मळ समजून आदल्या दिवशी तीच पुसत होतो! नखानं खरवडली तरी जाईना. कॅपच्या प्लॅस्टिकवरच करंटनं जळून वाट काढलेली. दमट हवेत ठिणगी प्लगकडं जायच्या ऐवजी त्या रेघेवरून पळायची.

पावसाळ्यात मिसिंग असेल तर रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि प्लगच्या वायरींवर फवाऱ्यानं थोडं पाणी मारा. करंट गळत असेल तर निळ्या ठिणग्या दिसतात. हात मात्र लांब ठेवा.

बिद्री साइड

आमच्याकडं दोष एकच, उंदीर. ऊसतोड लागली की शिवारातले सगळे गाडीत मुक्कामाला. इंजेक्टरची वायर दोनदा खाल्ली. डांबराच्या गोळ्या ठेवून झाल्या. कुणीतरी तंबाखू ठेव म्हणाला. आमच्या भागातल्या उंदरांना तंबाखूचं काय कौतुक, मळून खातील. रात्री बॉनेट उघडं ठेवतो, अंधार आणि ऊब मिळाली नाही की येत नाहीत.

शिक्षिका, राजारामपुरी

माझी मारुती झेन गरम व्हायची. पहिल्या मेस्त्रीनं थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून टाकला, फरक शून्य. मग एका मुलानं साधा प्रश्न विचारला : "मॅडम, सिग्नलला गरम होते का हायवेला?" मी कधी विचारच केला नव्हता. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला तापमानाचा काटा वर, हायवेला लागलं की खाली. म्हणजे वारा मिळाला की ठीक, उभं राहिलं की पंखा हवा. पंखा फिरतच नव्हता. त्यानं रेडिएटरच्या फॅन स्विचच्या (पाणी तापलं की पंखा लावणारा) दोन वायरी एकमेकींना जोडल्या, पंखा भर्रकन सुरू. म्हणजे मोटर, रिले, फ्यूज सगळं चांगलं, फक्त स्विच गेलेला.

सहा महिन्यांनी जोतिबाच्या चढाला परत काटा वर. या वेळी पंखा फिरत होता. वर्षानुवर्षं कूलंटच्या जागी बोअरचं पाणी ओतलं होतं, क्षारानं रेडिएटरच्या नळ्या निम्म्या बुजलेल्या. यजमानांनी तिथंच घाईनं झाकण उघडलं. दाबाखालचं पाणी शंभर अंशाच्या वर तापलेलं असतं, झाकण सैल झालं की उसळतं. मनगटावर डाग अजून आहे. आता ते गाडीपासून दोन पावलं लांबच उभे राहतात.

उद्यमनगरचा लेथवाला

ताई, थर्मोस्टॅट परत बसवून घ्या. तो नसला की इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त खातं.

आमच्याकडं येतात ते काटा वर असताना "आता आलंच घर" म्हणून दामटलेले. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, वाकतंच. सरळ पट्टी ठेवून खाली फीलर (मापाची पातळ पत्री) घालतो. ०.०५ मिमीच्या पुढं गेलं की फेसिंग (हेड घासून सपाट करणं) सांगतो. परवाच्या एका हेडात ०.१५ सहज गेला. मालक म्हणतो, "दहा मिनिटंच चालवली ओ."

आणि एक. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस दिसला की लोक गास्केट (हेडखालचं सील) गेलं म्हणून रडत येतात. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो दमटपणाचाही असतो. डिपस्टिकवरच्या ऑइलमध्येही फेस आहे का बघा, कूलंट घटतंय का बघा. दोन्ही ठीक असेल तर एकदा निपाणीपर्यंत जाऊन या, फेस जातोय का बघा.

कागलकर

हेडलाइट मिणमिण करायचे. रात्री उसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. म्हणून ६०/५५ वॉटचे (पहिला आकडा हायबीमचा, दुसरा लोबीमचा) काढून १००/९० वॉटचे बल्ब टाकले. तवंदी घाटात जळका वास. हायबीमचा स्विच आतून वितळलेला. हिशेब साधा होता, दोन बल्ब म्हणजे आधी १० अँपिअर, आता जवळजवळ १७, आणि सगळा त्या एवढ्याशा स्विचमधनं.

ऑटो इलेक्ट्रिशियननं मीटर लावला तर इंजिन चालू असताना बॅटरीला १४ आणि बल्बच्या होल्डरला १०.८. बल्ब बिचारा उपाशी होता. रिले आणि जाड वायर टाकली, म्हणजे बल्बचा करंट त्या स्विचमधनं न जाता थेट जातो, जुनेच ६०/५५ परत लावले, उजेड लख्ख.

पद्मिनीप्रेमी

माझ्या प्रीमियर पद्मिनीत पेट्रोलचा वास यायचा. पंप ते कार्बोरेटरची रबरी नळी दाबली तर बोटाला काळं लागलं, बारीक चिरा. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल आपल्याच उसाचं, पण जुन्या रबराला मानवत नाही. इथेनॉलला चालणारी नळी आणि नव्या क्लिपा घातल्या. वास येत असेल तर हे उद्यावर ढकलू नका, खाली गरम मॅनिफोल्ड असतं.

धागा काढणारा

गगनबावडावाले, तुमचं वाचून काल रात्री दिवे घालवून मी आणि धाकटा बॉनेटपाशी उभे राहिलो. गाडीला काही होत नव्हतं, उगाच हौस. कपड्यांना पाणी मारायचा फवारा घेतला. दोन वायरी गप्प. तिसरीवर मारलं आणि प्लगच्या रबरापाशी निळी मुंगी पळाल्यासारखं झालं. धाकटा म्हणाला, "बाबा, परत कर."

दुकान साडेदहाला उघडतं. वाट बघतोय.