बाबांची एम-८० मोडीत काढायची आहे, आरसी बुक अर्धं उधळीनं (वाळवीनं) खाल्लं, नाव अजून बाबांचंच

वावरकर_दारव्हा

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहून राहिलो. आमच्या कोठ्यात बाबांची बजाज एम-८० दुचाकी उभी आहे, १९९६ ची, एमएच-२९ पासिंग. बाबा मागच्या पोळ्याच्या आधी गेले. गाडी त्याच्याही सात-आठ वर्षं आधीपासून बंद, अंगावर तुरीचं कुटार. आता कोठा पाडून टिनाचं शेड टाकायचं आहे, म्हणून गाडी हलवावीच लागते.

भंगारवाला १८०० रुपये द्यायला तयार आहे, कागद मागत नाही. पण ही गाडी बाबांच्या नावावर आहे आणि बाबांच्या नावावर पुढं काही लफडं नको, एवढंच माझं म्हणणं आहे. ते गेल्यावर तर अजिबातच नको.

आरसी बुक पेटीत सापडलं, पण उधळीनं मागची पानं खाल्ली. पहिलं पान शाबूत आहे, त्यावर बँकेच्या कर्जाचा शिक्का आहे. कर्ज कधीच फिटलं, शिक्का तसाच राहिला. गाडीची मुदत २०११ लाच संपली असणार, तेव्हा कोणी रिन्यूअल केलं नाही.

आधी रिन्यूअल करून मग मोडीत द्यायची का? ती नवीन एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी लावावी लागेल का? सातबाऱ्यावर आमची वारस नोंद झाली आहे, ती गाडीलाही चालते का? ज्यानं स्वतः हे काम केलं त्यानं सांगावं.

पांदणवाट

भाऊ, जुन्या एम-८० साठी आरटीओच्या चकरा कशाला मारता? पाटी काढून घ्या, चेसिस नंबर कानसीनं घासून टाका आणि देऊन मोकळे व्हा. आमच्या गावात सगळे असंच करतात.

सेलूची_सून

पांदणवाट दादा, राग मानू नका, पण हा सल्ला कोणाला देऊ नका. नंबर घासलेली गाडी सापडली की पोलीस ती चोरीचीच धरतात. आमच्या घरात काय झालं ते सांगते.

आम्ही वर्धा जिल्ह्यातले, सेलू तालुका. सासऱ्यांची एक जुनी बॉक्सर होती. २०१७ मध्ये मीच मागं लागून ती भंगारवाल्याला देऊन टाकली, २२०० रुपयांत. पावती घेतली नाही. तो म्हणाला, ‘उद्याच तोडतो.’ त्यानं तोडली नाही, दुरुस्त करून कोणाला तरी विकली. सव्वा वर्षानं गावात पोलीस आले. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. नाल्याच्या काठावर एक मोटारसायकल सोडून माणूस पळाला होता, गाडीला दोन्हीकडून रबरी ट्यूबा लटकवलेल्या, त्यात मोहाची दारू. आणि गाडी कोणाच्या नावावर? आमच्या मामंजींच्या. वय ७४, माळकरी माणूस, आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही.

त्यांना तीनदा ठाण्यात बोलावलं. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले. ते बाकड्यावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते, आणि जो येईल त्याला ‘साहेब, गाडी मी विकली होती’ म्हणत होते. हवालदारालाही, चहा आणणाऱ्या पोरालाही. भंगारवाला म्हणाला, मला आठवत नाही. शेवटी पोलीस पाटलांनी जबाब दिला म्हणून निभावलं. पण त्यानंतर मामंजी दोन महिने पारावर गेले नाहीत.

तेव्हा वकिलांनी आम्हाला समजावलं की कायदा नोंदणीवरचं नाव पाहतो. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितलं आहे की गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार. म्हणजे तुमच्या एम-८० चा सांगाडा उद्या कोणी रस्त्यावर आणला आणि माणूस मेला, तर नोटीस तुमच्या दारावर येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. आम्हाला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

वावरकर भाऊ, १८०० रुपये सोडून द्या. तुम्ही बाबांच्या नावाचा विचार करून राहिले, तेच बरोबर आहे.

सेवाकेंद्र_दर्यापूर

मी सेवा केंद्र चालवतो, असे कागद आठवड्याला दोन-तीन येतात.

रिन्यूअल करू नका, पैसे वाया जातील. मोडीत काढण्याचे केंद्र सरकारचे नियम सप्टेंबर २०२१ चे आहेत, आणि त्यात मोडीत घेता येणाऱ्या गाड्यांमध्ये पहिलाच प्रकार ‘नोंदणीचं नूतनीकरण न केलेली गाडी’ हा आहे. नवी पाटीही नको, ती रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला.

सातबाऱ्यावरची वारस नोंद जमिनीपुरती. गाडीसाठी बाबांचा मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं, म्हणजे आई-बहिणींचं, संमतीचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. गाडी चालवायची असती तर फॉर्म ३१ भरून आधी नाव लावावं लागलं असतं. मोडीत देताना वारस थेट देऊ शकतो, फक्त ज्या स्क्रॅपिंग केंद्रावर नेणार तिथं आधी फोन करून त्यांना कोणता कागद लागतो ते विचारा.

खरी अडचण दुसरीकडेच आहे. १९९६ ची गाडी म्हणजे हातानं लिहिलेलं बुक. ती नोंद बहुतेक वेळा वाहन पोर्टलवर चढलेलीच नसते. मोबाइलवर गाडी नंबर टाकून पाहा. माहिती आली नाही तर यवतमाळ आरटीओत ‘बॅकलॉग एंट्री’चा, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवण्याचा अर्ज द्यावा लागेल. संगणकात नसलेली गाडी संगणकातून कमी कशी होणार? अर्धी माणसं इथंच कंटाळून परत जातात. तुम्ही जाऊ नका. बुकाचं पहिलं पान शाबूत आहे ही फार मोठी गोष्ट, त्याला प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, लॅमिनेशन करू नका. खराब झालेल्या बुकाची दुय्यम प्रत मागितली तर फॉर्म २६.

दुसरं म्हणजे तो शिक्का. एचपी, म्हणजे बुकावरची कर्जाची नोंद, कमी केल्याशिवाय गाडी मोडीत निघत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ वर बँकेची सही लागते.

मग परिवहनच्या व्हीस्क्रॅप पोर्टलवर अधिकृत केंद्र शोधा. ते कुठल्याही जिल्ह्यातलं चालतं, गाडी जिथली असेल तिथलंच पाहिजे असं नाही. ते गाडी चोरीच्या नोंदींत तपासतात, पैसे बँक खात्यात टाकतात. दोन कागद मिळतात. गाडी ताब्यात घेतल्याचं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, लोक त्याला सीडी म्हणतात, आणि तोडल्यावर स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र. दुसरा कागद हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. घरात कोणी नवी गाडी घेणार असेल तर सीडी जपा, ती दाखवली की नोंदणी फी माफ होते आणि रस्ता करातही सवलत आहे.

वावरकर_दारव्हा

सगळ्यांचे आभार. सेलूच्या ताई, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भंगारवाल्याला फाटकाच्या आतही येऊ देऊ नको.

आतापर्यंत झालं ते सांगतो, दुसऱ्याच्या कामी येईल. नंबर पोर्टलवर नव्हताच. बॅकलॉगच्या अर्जासोबत चेसिस प्रिंट मागितली. चौकटीवर बोटभर गंज होता. रॉकेलची चिंधी रात्रभर गुंडाळून ठेवली, सकाळी पॉलिश पेपरनं हळूहळू घासलं, जोर लावला नाही. मग पातळ कागद चिकटवून पेन्सिल आडवी फिरवली. शेवटचे दोन आकडे चौथ्या कागदावर उमटले.

बँकेत जास्त वेळ गेला. ती शाखा दुसऱ्या शाखेत मिळाली, जुनी खातेवही कुठे ते कोणाला माहीत नाही. एक बाई वरच्या खोलीतून लाल कापडातले गठ्ठे काढत बसल्या, त्यांचे उपकार विसरणार नाही. मार्च १९९९ चा शेवटचा हप्ता सापडला, खाली बाबांची सही. एनओसी त्याच आठवड्यात मिळाली.

बॅकलॉग चढला, एचपी उतरला. माझ्या आणि बहिणीच्या सह्या झाल्या, आईनं अंगठा दिला. सेवाकेंद्रवाले दादा म्हणाले तसं केंद्राला फोन केला, त्यांना मृत्यू दाखला आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही मूळ पाहिजे, सोबत रद्द केलेला चेक.

आता गाडी न्यायची राहिली. चाकं जाम आहेत, छोटा हत्ती (लहान टेम्पो) ठरवावा लागतो. भाड्यात भंगाराचे सगळे पैसे जातात, त्याला इलाज नाही. दारव्हा, दिग्रस, नेर भागातून आणखी कोणाची जुनी दुचाकी कागदासकट तयार असेल तर सांगा, एकाच गाडीत तीन बसतील, भाडं वाटून घेऊ. तुरी काढायला लागायच्या आत जायचा विचार आहे.