प्लाकमधला (दातांवरच्या जंतूंच्या थरातला) स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स प्लेटवर नेमका कसा ओळखायचा?

प्रश्न
प्लाकचा नमुना बॅसिट्रासिन (अँटिबायोटिक) घातलेल्या मायटिस सॅलिव्हेरियस अगारवर (तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस वाढवायचं माध्यम) लावला. ३७ अंश, कँडल जार (आत मेणबत्ती जाळून ऑक्सिजन कमी केलेली बंद बरणी), ४८ तास. दोन तऱ्हेच्या कॉलनी आल्यात: काही उंचवट्याच्या, खरखरीत, दुधी काचेसारख्या, काही कडक, अगारमध्ये रुतलेल्या. दोन्ही ग्रॅम पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या रंगानं जांभळे), साखळीतले गोल जंतू, कॅटालेज निगेटिव्ह (हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर बुडबुडे नाहीत). म्यूटन्स कोणता?

प्रतिसाद १
पहिल्या तऱ्हेचा असावा. कॉलनीवर किंवा कडेला चकचकीत थेंब साचलाय का पाहा. ते सुक्रोजपासून (साध्या साखरेपासून) बनलेलं ग्लुकान, म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्यांचा पदार्थ. रुतून बसलेल्या बहुधा स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिसच्या. पण नुसत्या रूपावर नाव देऊ नका, कॉलनी शुद्ध करून मॅनिटॉल (साखर-अल्कोहोल) आणि आर्जिनिन (अमिनो आम्ल) यांच्या चाचण्या लावा. म्यूटन्स मॅनिटॉल आंबवतो, आर्जिनिनपासून अमोनिया काढत नाही. सँग्विनिसचं बरोबर उलट. सॉर्बिटॉलवर (दुसरं साखर-अल्कोहोल) भिस्त ठेवू नका, सँग्विनिसचे काही स्ट्रेन तेही आंबवतात.

प्रतिसाद २
या प्लेटवर सँग्विनिस एवढा उगवतोच का, हे आधी तपासा. बॅसिट्रासिन कमी पडलंय. प्रमाण मिलिलिटरला ०.२ युनिट. सुक्रोज एकूण २० टक्के हवं. तयार पावडरमध्ये ५ टक्के असतंच, म्हणून लिटरला १५० ग्रॅम वरून घाला. १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करा), ५० अंशांपर्यंत निवू द्या, मग लिटरला १ टक्का टेल्युराइट (इतर जंतू दाबणारं रसायन) १ मिलि आणि फिल्टरनं निर्जंतुक केलेलं बॅसिट्रासिन. गरम मीडियममध्ये किंवा जुन्या प्लेटमध्ये त्याचा जोर उतरतो. प्रत्येक बॅचला एटीसीसी (अमेरिकेतला जंतूंचा संग्रह) क्रमांक २५१७५ (म्यूटन्स) आणि १०५५६ (सँग्विनिस) लावा: पहिला उगवला पाहिजे, दुसरा दबला पाहिजे.

प्रतिसाद ३
म्यूटन्सचा जवळचा नातेवाईक स्ट्रेप्टोकॉकस सोब्रिनस विसरू नका, तोही मॅनिटॉल आंबवतो! फरक रॅफिनोज आणि मेलिबायोज या साखरांमध्ये: म्यूटन्स दोन्ही आंबवतो, सोब्रिनस सहसा नाही. शिवाय या प्लेटवर सोब्रिनस दबतो, त्यामुळे त्याची मोजणी खऱ्यापेक्षा कमी येते.

घट्ट चिकटणं पाहायचं असेल तर ५ टक्के सुक्रोजच्या ब्रॉथची नळी तिरकी ठेवून २४ तास वाढवा आणि ब्रॉथ ओतून टाका. काचेला थर राहिला तर तेच न विरघळणारं ग्लुकान. दातावर जंतू टिकतो तो त्याच्याच जोरावर.

आणि एक. साखरेच्या, आम्ल झालेल्या ब्रॉथमधून घेऊन ग्रॅमचा रंग दिलात तर आखूड दांड्यांसारखे जंतू दिसू शकतात. भेसळ समजून फेकू नका. क्लार्कनं १९२४ मध्ये 'म्यूटन्स' हे नाव या रूप बदलण्यावरूनच दिलं. शंका असेल तर ताज्या, कमी साखरेच्या ब्रॉथमध्ये वाढवून पुन्हा ग्रॅमचा रंग द्या.